रूममेटच्या सोशल सिक्युरिटी नंबरवर काम करू नका

तुमचा प्रश्न असा: एमएससाठी अमेरिकेत आल्यावर स्वतःचा सोशल सिक्युरिटी नंबर (पगार आणि करासाठी लागणारा सरकारी क्रमांक) मिळेपर्यंत रूममेटच्या नंबरवर एखाद्या दुकानात काम केलं तर चालेल का? तो स्वतःहून द्यायला तयार आहे, मग चोरी कसली?

अजिबात करू नका. एफ-1 म्हणजे विद्यार्थी व्हिसावर परवानगीशिवाय कॅम्पसबाहेर काम करणं हाच मुळात स्टेटसचा भंग. त्यावर दुसऱ्याचा नंबर वापरलात की 2004 साली आलेलं, ओळखचोरीबद्दलचं संघीय कलम 1028ए लागू शकतं. फसवणूक, व्हिसा-पासपोर्टचे गुन्हे, सोशल सिक्युरिटी कायद्याखालचे गुन्हे अशी मूळ गुन्ह्यांची ठरावीक यादी त्यात आहे. यादीतला गुन्हा करताना दुसऱ्या खऱ्या माणसाची ओळख वापरली, तर मूळ शिक्षेवर सक्तीची 2 वर्षं कैद. प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली सुटका) नाही. मूळ शिक्षा संपल्यावर ही वर्षं सुरू होतात आणि त्यांची भरपाई म्हणून न्यायाधीशांना मूळ शिक्षा कमी करता येत नाही.

संमतीचा मुद्दा बहुतेकांना फसवतो. कायद्यात 'चोरून' असा शब्दच नाही, 'कायदेशीर अधिकाराशिवाय' असा आहे, आणि अनेक अपील न्यायालयांनी मालकाची संमती हा बचाव मानलेला नाही. रूममेटही अडचणीत येतो.

दोन निकालांचे दाखले हमखास दिले जातात. फ्लोरेस-फिगेरोआ (2009): नंबर खऱ्या व्यक्तीचा आहे हे आरोपीला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागतं. तुम्हाला तर ते माहीतच आहे. डुबिन (2023): मेडिकेड या सरकारी आरोग्य योजनेला वाढीव बिल लावलं, त्यावर रुग्णाचं नाव होतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नाव बिलात नुसतं असणं पुरेसं नाही, ओळखीचा गैरवापर गुन्ह्याच्या गाभ्याशी हवा. त्या प्रकरणात खोटं होतं ते सेवेबद्दल. रुग्ण खराच होता. तुमच्या बाबतीत काम कोण करतंय हेच खोटं असेल, म्हणून डुबिनचा आधार धरू नका.

आणखी एक धोका सौद्याचा. सरकारी वकील 1028ए मागे घेतो, आरोपी फसवणुकीचा गुन्हा कबूल करतो. 2 वर्षं टळतात, पण नुकसान 10,000 डॉलरच्या वर असेल तर तीच कबुली हद्दपारीला पुरते. पॅडिया (Padilla) निकालापासून (2010) हा परिणाम आरोपीला सांगणं बचावाच्या वकिलावर बंधनकारक आहे. तरी इमिग्रेशनचा वकील वेगळा विचाराच.

सरळ रस्ता फार लांबचा नाही. विद्यापीठात नोंद करा, कॅम्पसवरचं काम मिळवा, डीएसओचं (विद्यापीठातला परदेशी विद्यार्थ्यांचा अधिकारी) आणि काम देणाऱ्या विभागाचं पत्र घ्या. अमेरिकेत पोहोचल्यावर 10 दिवस थांबून सोशल सिक्युरिटी कार्यालयात एसएस-5 हा नंबरसाठीचा अर्ज द्या. पासपोर्ट, आय-94 (देशात प्रवेशाची नोंद), आय-20 (विद्यापीठाने दिलेला प्रवेशाचा दाखला) बरोबर न्या. शुल्क नाही. घाई करून गेलात तर तुमची नोंद सरकारी यंत्रणेत दिसत नाही आणि अर्ज अडकतो. नंबर यायच्या आधीही कॅम्पसवरचं ते काम सुरू करता येतं, अर्जाची पावती जपून ठेवा. काम नसेल तर हा नंबर मिळणार नाही. कराच्या कागदांसाठी क्रमांक लागलाच तर डब्ल्यू-7 अर्ज भरून आयटिन (फक्त करासाठीचा क्रमांक) घ्या.