वाचकांचे प्रश्न: मनन रोज होतं, उत्तर मात्र सुचत नाही

प्रश्न: मी नर्स आहे. ड्युटीवर जाताना बसमध्ये रोजचं मनन वाचते: एक वचन, त्यावर परिच्छेद, छोटी प्रार्थना. चार वर्षांत खाडा नाही. परवा रात्रपाळीला सोबतच्या सिस्टरने विचारलं, “प्रभू येशूच्या कबरेवर गेलेल्या बायकांची नावं तुमच्या चार शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्राच्या चार पुस्तकांत, जुळत नाहीत, मग खरं कोणतं?” मी गप्प बसले. एवढं वाचूनही विश्वास कच्चाच का?
– एक भगिनी, पुणे

उत्तर: ताई, विश्वास कच्चा नाही, वाचन तुटक आहे. मननाच्या पुस्तकावर माझा राग नाही, माझ्या उशाशी आजही एक असतं. पण त्यात वचन येतं ते खुडून आणलेलं.

माझंच सांगते. यजमान आजारी असताना एका सकाळी मननात बायबलमधलं यिर्मया 29:11 (यिर्मयाच्या पुस्तकाचा 29वा अध्याय, 11वं वचन) निघालं. तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, असं ते वचन. मी ते कागदावर उतरवून त्यांच्या औषधांच्या डब्याला चिकटवलं. म्हटलं, झालं, आता हे बरे होणार. दोन महिन्यांनी ते गेले. तो डबा कागदासकट माळ्यावर टाकला आणि बरेच दिवस पवित्र शास्त्राला हात लावला नाही.

पुढे कधीतरी तो अख्खा अध्याय वाचला. ते बाबेलात धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं पत्र आहे. घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, असं त्यांना सांगितलंय. आणि अकराव्याच्या आधीचं दहावं वचन म्हणतं, 70 वर्षं भरल्यावर! म्हणजे ते पत्र ऐकणारे बरेचजण तिथेच मरणार होते. यजमानांच्या तब्येतीचा त्यात शब्द नव्हता, तो मी घातला होता. माझा राग तिथे उतरला.

आता सिस्टरांचा प्रश्न. सुटीच्या दिवशी मत्तय 28, मार्क 16, लूक 24 आणि योहान 20 शेजारी शेजारी घेऊन बसा. मत्तय दोघींची नावं देतो, मार्क तिघींची, त्यात एक सलोमे. लूकही तिघींची देतो, पण त्यात सलोमे नाही, योहान्ना आहे, शिवाय ‘इतर स्त्रिया’ आहेत. योहानात एकटी मग्दालीया मरीया. पण ती धावत पेत्र या शिष्याकडे येते तेव्हा काय म्हणते पाहा: प्रभूला कुठे ठेवलं ते ‘आम्हाला’ ठाऊक नाही. एकटी गेलेली बाई ‘आम्हाला’ कशाला म्हणेल? हँडओव्हर देताना तुम्ही ‘डॉक्टर राउंडला येऊन गेले’ म्हणता, त्यांच्यामागचे शिकाऊ मोजून सांगता का?

कबरेपाशी दिसलेले देवदूत एक की दोन, यावरही चौघं जुळत नाहीत, ते यानंतरही उरतं. उरू दे. ठाऊक नसेल तिथे ‘बघून सांगते’ म्हणावं, मीही म्हणते. उत्तर द्यायला सिद्ध असा, असं पेत्र सांगतो (1 पेत्र 3:15), पण ते सौम्यतेने द्या, हेही तिथेच आहे. रात्रपाळीत वाद घालून कुणाला जिंकायचंय?

बसमधलं मनन सोडू नका. फक्त त्या वचनाचा पूर्ण अध्याय जेवणाच्या सुटीत वाचून काढा. मी वहीत डाव्या पानावर वचन लिहिते, उजवं पान प्रश्नांसाठी कोरं ठेवते. ती उजवी पानं चर्चच्या पाळकांपुढे न्यायची. मागल्या वर्षी आमच्या पाळकांनी एका पानासाठी चार दिवस मागून घेतले होते.

सिस्टरांनी देवदूतांचं काढलंच, तर मलाही कळवा.