‘कधीकधी फेल होते’ एवढंच लिहून भागत नाही

अगं पोरी,

वेबसाइटच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या टूलबद्दल तू टूलवाल्यांना पाठवलेला रिपोर्ट वाचला. त्याखाली त्यांनी ‘आमच्याकडे रिप्रोड्यूस होत नाही’, म्हणजे तसं घडताना दिसत नाही, म्हणून इश्यू (तक्रारीची नोंद) बंद केला, तेही वाचलं. आता तू विचारतेस, टूल भिकार आहे की मीच ढ आहे? यातलं काहीच नाही. तू त्यांना तुझं मत कळवलंस, घडलं काय ते कळवलंच नाहीस.

‘टूल स्लो आहे, टेस्ट कधीकधी फेल होतात.’ याचं त्या माणसाने करायचं काय? तो काही तुझ्या महापेच्या ऑफिसात शेजारी बसलेला नाही. तुमचा प्रॉक्सी, तुझा लॅपटॉप, तुमची पाइपलाइन (टेस्ट आपोआप चालतात तो सर्व्हर), यातलं त्याला काही दिसत नाही. काय घडलं ते लिही. कधीकधी म्हणजे किती? प्लेराइट या टेस्टिंग टूलमध्ये टेस्ट पुन्हापुन्हा चालवणारा रिपीट-ईच पर्याय आहे, तीच टेस्ट एकटी पन्नास वेळा चालव आणि मग बाकीच्यांबरोबर समांतर पन्नास वेळा. एकटी पास होते आणि घोळक्यात फेल होते असं दिसलं, तर बहुधा दोन टेस्ट एकाच लॉगिनवर किंवा एकाच डेटावर तुटून पडताहेत. मग ते पाप आपलं, टूलचं नव्हे. तुझ्या मशीनवर पास आणि पाइपलाइनवर फेल? खिडकीचा आकार बघ. प्लेराइटला काही सांगितलं नाही तर पान 1280 बाय 720 मध्ये उघडतं. जुनं हेडलेस, म्हणजे पडद्यावर न दिसता चालणारं क्रोम 800 बाय 600 मध्ये उघडायचं. तेवढ्या जागेत मेनू मिटतो, बटण गायब होतं, आणि आपण लिहितो ‘टूलला बटण सापडत नाही’!

एरर पूर्ण चिकटव. स्क्रीनशॉट नको, मजकूर. 2022 साली सेलेनियम या दुसऱ्या टेस्टिंग टूलच्या 4.6 व्हर्जनबरोबर सेलेनियम मॅनेजर आला, तो ब्राउझरला जुळणारा ड्रायव्हर (टूल आणि ब्राउझरमधला दुवा) स्वतः आणतो. त्याआधी क्रोम आपोआप अपडेट व्हायचा, ड्रायव्हर जुनाच राहायचा आणि सकाळी सगळ्या टेस्ट आडव्या. कारण एररच्या पहिल्या ओळीत लिहिलेलं असायचं, व्हर्जनच्या आकड्यासकट. तरी माझ्याकडे यायचं काय, तर ‘सर, सेलेनियम बंद पडलं’.

मी असे रिपोर्ट परत करायचो. वागळे इस्टेटच्या त्या ऑफिसात मला खडूस म्हणायचे, मला ठाऊक होतं. एक मुलगा तर वैतागून टीमच सोडून गेला. हुशार होता, त्याचं अजून वाईट वाटतं. पण रिपोर्ट परत केला ते बरोबरच होतं. त्याचं म्हणणं, टूल आमचा टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची मर्यादा, पाळत नाही. त्याने इम्प्लिसिट वेट (प्रत्येक शोधाला आपोआप लागू होणारं थांबणं) आणि एक्स्प्लिसिट वेट (एका ठरावीक अटीसाठी थांबणं) एकत्र लावले होते. सेलेनियमच्या डॉक्युमेंटेशनमध्ये चक्क इशारा दिलाय की दहा आणि पंधरा सेकंदांचे असे वेट एकत्र केले तर टाइमआउट विसाव्या सेकंदालाही होऊ शकतो. किती सेकंदांनी फेल झाली हे त्याने लिहिलं असतं, तर त्याचं त्यालाच उमगलं असतं. हे मी तेव्हाही म्हणालो होतो, आजही म्हणतो.

आता तुझ्या रिपोर्टमधला शेवटचा मुद्दा, जो तू एका ओळीत उरकलास: ‘मराठी पानांवर टेक्स्ट मॅच होत नाही’. अगं, सोनं तिथेच होतं! ‘दुसऱ्या’ हा शब्द दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा ऱ येतो, यूनिकोड 0931, मग हलन्त आणि य. दुसऱ्यावर साधा र, 0930, मग हलन्त, मग न दिसणारा झेडडब्ल्यूजे (अक्षरं जोडणारी खूण) आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच, तुलनेत मात्र वेगळे. टेस्ट फेल होते आणि एररमध्ये अपेक्षित-प्रत्यक्ष म्हणून एकसारखे दिसणारे दोन शब्द छापले जातात. तुलना काटेकोर असणं हा टूलचा दोष नाही. पण दोन्ही शब्दांचे कोडपॉइंट, म्हणजे हे यूनिकोड क्रमांक, लिहून तू म्हणालीस, ‘मजकूर सारखा दिसत असून फेल होत असेल तेव्हा एररमध्ये कोडपॉइंट दाखवा’, तर त्याला फीडबॅक म्हणतात. शिकागोच्या किंवा बर्लिनच्या माणसाला हे सुचायचं नाही, त्याने आयुष्यात ऱ्य टाइप केलेला नाही. ‘मराठी सपोर्ट नाही’ लिहिलंस की तो खांदे उडवून पुढे जाणार. काय घडलं ते लिही. मागणी त्याच्यानंतर.

‘ग्रेट टूल, पण’ अशी सुरुवात करू नकोस, त्यांचा वेळ जातो. चिडूही नकोस; ओपन सोर्समधले बरेचजण नोकरी सांभाळून हे करतात. क्लायंटची साइट जोडू नकोस. दहा-वीस ओळींचं साधं एचटीएमएल पान कर, त्यात तो शब्द दोन्ही तऱ्हांनी टाक, आणि खाली टूल, ब्राउझर, ऑपरेटिंग सिस्टिम यांची व्हर्जन्स दे.

ट्रेस (टेस्ट चालतानाची सगळी नोंद) जोडणार असशील तर आधी स्वतः उघडून बघ. त्यात पानाचे स्नॅपशॉट असतात, नेटवर्कवरून गेलेलं सगळं असतं, लॉगिनची टोकनही. टेस्ट डेटा म्हणून कुणा खऱ्या ग्राहकाचा मोबाइल नंबर वापरला असेल, तर तो जगजाहीर होईल आणि मग मॅनेजर तुला हाक मारेल ती वेगळ्या कारणासाठी.

नवा इश्यू टाकू नकोस. बंद केलेल्याखालीच ते छोटं पान जोड आणि पुन्हा उघडायला सांग. तिथे लिहिण्याआधी मसुदा मला पाठव. शुक्रवारी संध्याकाळी मी घणसोलीला घरीच आहे, लॅपटॉप घेऊन आलीस तरी चालेल. फक्त पन्नास वेळा चालवून ये.