वाचकांचे प्रश्न : एका संगणकाला दोन मॉनिटर

प्रश्न : घरीच टॉवेल-चादरीची जकार्ड (विणूनच काढलेली नक्षी) डिझाइन करतो. एका पडद्यावर ग्राफ आणि दुसऱ्यावर गिऱ्हाइकाचा नमुना उघडा ठेवायचा आहे. नवा २४ इंची आणि जुना १९ इंची असे दोन मॉनिटर आहेत. जुन्याला फक्त व्हीजीए (जुन्या पद्धतीची जोडणी) आहे. दुकानातून एचडीएमआय स्प्लिटर आणला, पण दोन्हीकडे एकच चित्र दिसते. काय चुकले?
– एक वाचक, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : स्प्लिटर हीच चूक. तो एकाच सिग्नलच्या दोन नकला काढतो, त्यामुळे विंडोजला एकच मॉनिटर दिसतो. सेटिंग कितीही बदला, उपयोग नाही. स्प्लिटर परत करा.

दोन मॉनिटरना दोन स्वतंत्र पोर्ट (केबल लावायच्या जागा) लागतात. कॅबिनेटच्या मागे बघा. यूएसबीच्या शेजारचे एचडीएमआय, व्हीजीए मदरबोर्डचे, म्हणजे संगणकाच्या मुख्य बोर्डाचे. खाली आडव्या पट्टीवर असतील ते ग्राफिक्स कार्डचे, म्हणजे चित्रासाठी वेगळे बसवलेल्या कार्डाचे. कार्ड असेल तर दोन्ही केबली कार्डातच लावा. कार्ड बसवले की मदरबोर्डचे पोर्ट बहुतेक वेळा आपोआप बंद होतात. कार्ड नसेल तर मदरबोर्डचे एचडीएमआय आणि व्हीजीए सहसा एकाच वेळी चालतात. जुना मॉनिटर सरळ व्हीजीएत लावा.

कार्डाला व्हीजीए नसेल तर ‘एचडीएमआय टू व्हीजीए’ कन्व्हर्टर घ्या. ‘व्हीजीए टू एचडीएमआय’ दिसायला तसाच, पण उलट दिशेने चालत नाही. पाकिटावर नीट वाचूनच पैसे द्या.

आता डेस्कटॉपवर राइट क्लिक, डिस्प्ले सेटिंग्ज. आधी ‘एक्स्टेंड दीज डिस्प्लेज’ निवडा, म्हणजे दोन्ही पडदे वेगवेगळे चालतात. ‘आयडेंटिफाय’ दाबले की पडद्यांवर १ आणि २ आकडे येतात. टेबलावर जो जिकडे आहे तिकडे त्याची चौकट ओढा, खालच्या कडा जुळवा आणि ‘अप्लाय’ करा. हे राहिले की माउस मधल्या कडेला अडतो आणि लोक माउसलाच दोष देतात. मग २४ इंचीला मेन डिस्प्ले करा. जुन्यावर अक्षरे पुसट दिसली तर आधी रेझोल्यूशन ‘रेकमेंडेड’ आहे ना ते बघा, मग मॉनिटरवरचे ‘ऑटो’ बटण दाबा.

तुमच्या धंद्याची गोष्ट म्हणजे रंग. दोन पडद्यांवर मरून रंग सारखा दिसणार नाही. जुना मॉनिटर टीएन पॅनलचा (पडद्याचा एक प्रकार) असेल तर मान जरा वरखाली केली तरी छटा बदलते. सुताचा रंग एकाच पडद्यावर ठरवा, शेवटचा निर्णय मात्र शेडकार्डावर, म्हणजे सुताच्या रंगांच्या नमुना-तक्त्यावर.

प्रश्न : दोन्ही मॉनिटर ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसवर चालतील का?
– एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : २४ इंची एलईडी मॉनिटर साधारण २०-२५ वॅट घेतो, त्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या पीसीला चालून जाईल. बॅकअप तेवढा कमी मिळेल. आमच्या मते दुसरा मॉनिटर यूपीएसवर नकोच. लाइट गेल्यावर काम सेव्ह करायला एक पुरे. विझलेल्या पडद्यावर फाइल अडकली तर आल्ट-टॅबने ती निवडा आणि विंडोज, शिफ्ट व डावा किंवा उजवा बाण एकदम दाबा. खिडकी चालू पडद्यावर येते.