यंत्र बदलण्याआधी : लघुउद्योजकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या पत्रांचा सूर जवळजवळ एकच आहे. विक्रेत्याने कोटेशन दिलंय, आकडा मोठा आहे, होकार द्यावा का? होकार देण्याआधी दोन गोष्टी शोधा: रोजचं काम नेमकं कुठे अडतं, आणि काय गेलं तर धंदाच थांबेल. दुसऱ्या गोष्टीवर आधी पैसे घाला.

प्रश्न : कार्यालयात आठ संगणक आहेत. विंडोज १० चे अपडेट बंद झाले, म्हणून आठही बदला असं विक्रेता सांगतो. त्यातले निदान पाच तरी व्यवस्थित चालतात. काय करावं? (करसल्लागार, नारायण पेठ)

उत्तर : आठही बदलायची वेळ बहुधा आलेली नाही. विंडोज १० चे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले, हे खरं. संगणक त्यानंतरही सुरू होतो, टॅली चालते, छपाई होते. पण नव्याने सापडणारी भोकं आता बुजवली जात नाहीत. तुमच्याकडे अशिलांचे पॅन, आधार आणि बँकेचे तपशील आहेत. ते अशा संगणकावर ठेवून इंटरनेट वापरणं बरोबर नाही. अँटिव्हायरस आहे म्हणजे झालं, हा समजही सोडून द्या.

एका कागदावर आठही संगणकांचा प्रोसेसर, रॅम आणि डिस्कचा प्रकार लिहा. इंटेलचा आय-५ ८४०० असेल तर तो आठव्या पिढीचा. विंडोज ११ साधारण तिथून पुढे चालतं. ७५०० म्हणजे सातवी पिढी, तो बाद. मग विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) चालवा. टीपीएम म्हणजे विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची सोय. आवृत्ती २.० दिसली की झालं. टीपीएम सापडत नाही असं आलं तरी संगणक लगेच भंगारात काढू नका. बऱ्याच बोर्डांवर ते बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये, नुसतं बंद असतं. इंटेलच्या बोर्डावर ते पीटीटी या नावाने सापडेल, एएमडीच्या बोर्डावर एफटीपीएम. बायोसला हात लावण्याआधी बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारं विंडोजचं साधन) चालू आहे का ते पाहा, आणि असेल तर त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. टीपीएममध्ये बदल झाला की संगणक ती मागतो, आणि ती नसेल तर सगळा डेटा आत अडकतो.

जे संगणक पात्र ठरतील त्यांची फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा आणि रॅम १६ जीबी करा. डेस्कटॉपला अडीच इंची साटा एसएसडी चालते, ५०० जीबी पुरे. लॅपटॉपच्या एम.२ खाचेत मात्र फसगत होते: साटा आणि एनव्हीएमई दोन्ही प्रकारच्या पट्ट्या आत बसल्यासारख्या वाटतात, पण कित्येक लॅपटॉप त्यातली एकच ओळखतात. रॅमची जुनी काडी काढून दुकानात बरोबर न्या. डीडीआर३ च्या जागी डीडीआर४ बसत नाही. जुन्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब नक्कल) करण्याआधी तिचा स्मार्ट रिपोर्ट, म्हणजे डिस्कच्या तब्येतीची नोंद, पाहा. पेंडिंग सेक्टर (नीट वाचता न येणारे भाग) दिसत असतील तर क्लोन करत बसू नका. मरायला टेकलेली डिस्क त्या ओढाताणीत पुरती जाते. आधी फाइली उतरवा, मग एसएसडीवर विंडोज नव्याने टाका.

बाद ठरलेल्यांसाठी मायक्रोसॉफ्ट व्यवसायांना जादा मुदतीचे अपडेट विकते: पहिल्या वर्षी संगणकामागे ६१ डॉलर, पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. एखाद्या संगणकाला वर्षभराची उसंत मिळवण्यापुरतं ते ठीक आहे, तीन वर्षांसाठी मुळीच नाही. अपात्र संगणकावर युक्तीने विंडोज ११ चढवून देणारे भेटतील; पुढचे अपडेट येतीलच याची खात्री त्यात नसते, त्यामुळे कार्यालयात ते करू नका. नवे घ्याल ते विंडोजच्या प्रो आवृत्तीचेच घ्या. आणि एकदम सगळे नकोत: आधी एकावर डिजिटल सहीचं टोकन, टॅली आणि प्रिंटर आठवडाभर चालवून पाहा.

प्रश्न : जुन्या फॅनुक कंट्रोलच्या दोन व्हीएमसी (संगणकीय मिलिंग मशीन) आहेत. विंडोज एक्सपीच्या संगणकावरून सिरियल केबलने प्रोग्रॅम पाठवतो. तो संगणक आता मधेच बंद पडतो, आणि नव्या संगणकाला तसला पोर्टच नाही. (जॉबवर्क, भोसरी एमआयडीसी)

उत्तर : संगणकाच्या आधी मशीनकडे बघा. पॅरामीटर (मशीनची सेटिंग), ऑफसेट (टूल आणि जॉबची मापं) आणि प्रोग्रॅम कंट्रोलच्या आतल्या मेमरीत असतात आणि ती मेमरी बॅटरीवर जगते. स्क्रीनवर ‘बीएटी’ लुकलुकायला लागलं की त्याच आठवड्यात बॅटरी बदला, आणि तीही कंट्रोल चालू ठेवून, इमर्जन्सी दाबून. मशीन बंद करून बॅटरी काढली आणि नवी आणायला माणूस पाठवला, तर तो परत येईपर्यंत मेमरी रिकामी झालेली असू शकते. शेजारच्या मशीनचे पॅरामीटर टाकून काम भागत नाही. पिच एररची, म्हणजे स्क्रूच्या आट्यांतल्या बारीक फरकाची, दुरुस्ती त्या त्या मशीनच्या स्क्रूची असते. म्हणून पहिलं काम हेच: दोन्ही मशीनचे पॅरामीटर, पिच एरर, ऑफसेट आणि प्रोग्रॅम बाहेर काढा, फाइलीच्या नावात मशीनचा सिरियल नंबर घाला आणि दोन वेगळ्या जागी ठेवा. जुना संगणक जिवंत आहे तोवरच त्याच्यातली सेटिंगही उतरवून घ्या.

नव्या संगणकाला यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लागेल. तो ऑप्टिकल आयसोलेशनचाच (दोन्ही बाजू विजेने न जोडता प्रकाशाने सिग्नल देणारा) घ्या, इथे पैसे वाचवू नका. संगणकाचं आणि मशीनचं अर्थिंग एका पातळीवर नसेल तर करंट सिग्नलच्या केबलमधून वाट काढतो आणि पोर्ट जळतो. कन्व्हर्टर जळला तर थोडक्यात सुटलात. कंट्रोलचा बोर्ड गेला तर मशीन ठप्प होते. याच कारणाने दोन्हीकडे वीज चालू असताना केबल काढू-घालू नये.

सेटिंग दोन्ही बाजूंना सारखी हवी. फॅनुकवर बहुतेक ठिकाणी ४८०० किंवा ९६०० बॉड रेट (डेटा पाठवण्याचा वेग), ७ डेटा बिट, इव्हन पॅरिटी, २ स्टॉप बिट आणि सॉफ्टवेअर हँडशेक (थांब आणि पाठव असं एकमेकांना सांगण्याची पद्धत) असतो. फाइलीच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह असावं. अडलंच तर अलार्मचा नंबर बरंच सांगतो. ०८५ म्हणजे बॉड रेट किंवा बिट जुळत नाहीत. ०८६ म्हणजे समोरचा तयार असल्याचा सिग्नलच येत नाही, तेव्हा केबलच्या पिना तपासा. ०८७ म्हणजे मशीन थांब म्हणते आणि संगणक थांबत नाही, हँडशेक चुकलाय.

मशीनच्या कागदावर मेमरी ‘३२० मीटर’ लिहिलेली असेल तर ती कागदी टेपची लांबी आहे, साधारण १२८ केबी. साच्याचा मोठा प्रोग्रॅम त्यात मावत नाही आणि तो कटिंग चालू असतानाच तुकड्या-तुकड्याने पाठवावा लागतो. अशा वेळी नवा संगणक घात करतो तो वीज वाचवण्याच्या सवयीने. स्लीप आणि यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड दोन्ही बंद करा. नाहीतर प्रोग्रॅमची ओळ येईनाशी होते, टूल जागेवर फिरत राहतं आणि जॉबवर त्याचा गोल व्रण उमटतो. असा जॉब पॉलिशनेही सुटत नाही.

स्क्रीनशेजारी कार्डाची खाच असेल तर केबलचा त्रासच नको. अडॅप्टरमध्ये २ जीबीपर्यंतचं सीएफ (कॉम्पॅक्ट फ्लॅश) कार्ड, फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेलं, आणि २० नंबरच्या पॅरामीटरमध्ये ४. एक्सपीचा संगणक राखीव ठेवायचा असेल तर ठेवा, पण त्याची इंटरनेटची आणि ऑफिसच्या लॅनची वायर काढून टाका.

प्रश्न : लेझर प्रिंटरने पान काढलं की यूपीएस ओरडतो आणि संगणक बंद पडतो. मोठा यूपीएस घ्यावा का? (वास्तुविशारद, कोथरूड)

उत्तर : नको. प्रिंटर यूपीएसवरून काढा आणि थेट भिंतीतल्या सॉकेटला लावा. लेझर प्रिंटरचा फ्यूजर (शाई कागदावर वितळवणारा भाग) तापताना काही क्षण हजार वॅटच्या आसपास ओढतो, आणि ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो. एवढं करूनही वीज गेल्यावर यूपीएस मिनिटभरात बसत असेल तर आतली १२ व्होल्ट ७ एएचची बॅटरी बदला. ती दोन-तीन वर्षंच टिकते. राउटर आणि स्विच मात्र यूपीएसवर हवेत.

प्रश्न : रोज टॅलीचा बॅकअप एक्स्टर्नल डिस्कवर घेतो, ती कायम जोडलेली असते. आमचे अकाउंटंट घरून रिमोट डेस्कटॉपने काम करतात. शेजारच्या गाळ्यात सगळ्या फाइली लॉक होऊन पैशांची मागणी आली. आम्ही सुरक्षित आहोत का? (भुसार व्यापारी, मार्केटयार्ड)

उत्तर : नाही, आणि हे स्पष्टच सांगायला हवं. तुमची दोन्ही दारं उघडी आहेत. राउटरवर ३३८९ नंबरचा पोर्ट उघडून रिमोट डेस्कटॉप दिलेला असेल तर तो आजच बंद करा. हे पोर्ट शोधणारे प्रोग्रॅम इंटरनेटवर रात्रंदिवस फिरत असतात. नंबर बदलून ठेवला तरी सापडतो. अकाउंटंटना व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या कुलूपबंद खासगी वाटेने) आत येऊ द्या, पासवर्डबरोबर मोबाइलवरचा कोडही हवा. विंडोज प्रोवर एका वेळी एकच माणूस बसू शकतो. ती मर्यादा तोडून देणारी साधनं कोणी बसवून गेलं असेल तर तीही काढा.

डिस्क जोडलेली असते म्हणजे हल्ला झाल्यावर तीही लॉक होते. दोन डिस्क घ्या. एक सोमवारी लावा, दुसरी घरी. पुढच्या सोमवारी अदलाबदल. बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. तिसरी प्रत क्लाउडवर हवी, पण जुन्या आवृत्त्या निदान तीस दिवस राखणाऱ्या सेवेवर. नुसतं सिंक (इकडचा बदल लगेच तिकडे उतरवणं) असेल तर लॉक झालेल्या फाइलीही इमानेइतबारे वर चढतात. दोन डिस्कवर एकच प्रत ठेवणारा एनएएस (नेटवर्कवरची साठवण-पेटी) घेतला तरी हे चुकत नाही: एका डिस्कवर लॉक झालेली फाइल दुसरीवर त्याच क्षणी तशीच उतरते.

टॅलीत कंपनी उघडी असताना डेटाचं फोल्डर कॉपी करू नका, प्रत अर्धवट उतरते. आणि महिन्यातून एकदा बॅकअप उघडून बघा. रिस्टोअर करताना जागा वेगळी द्या, कारण त्याच फोल्डरवर केलं तर चालू डेटाच पुसला जातो. उघडल्यावर शेवटच्या व्हाउचरचा नंबर आणि तेरीज (ट्रायल बॅलन्स) ताडून पाहा. रोज नियमाने बॅकअप घ्यायचा आणि तो भलत्याच, जुन्या फोल्डरचा निघायचा, हे आम्ही म्हणतो त्याहून जास्त घडतं.

नवा सर्व्हर त्यानंतर बघू. चार-पाच माणसांच्या टॅलीला एसएसडीचा एक चांगला संगणक पुरतो, फक्त तो वाय-फायवर नको. नोंद होत असताना वाय-फाय तुटलं की टॅलीचा डेटा बिघडू शकतो.

ई-वे बिलाचं एक जाता जाता: १ एप्रिल २०२५ पासून त्या पोर्टलवर सगळ्यांनाच ओटीपी लागतो. तो मालकांच्या फोनवर येतो आणि मालक बाहेर असले की गाडी गेटवर खोळंबते. ज्यांच्या हाती काम आहे त्यांची सब-युजर म्हणून, त्यांच्याच मोबाइल नंबरवर नोंद करा.

प्रश्न : गिगाबिटचा स्विच घेतला तरी ड्रॉइंगच्या फाइली पूर्वीइतक्याच सावकाश उघडतात. (फॅब्रिकेशन, पिरंगुट)

उत्तर : प्रत्येक संगणकाच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड पाहा. तिथे १००० ऐवजी १०० दिसत असेल तर दोष केबलमध्ये आहे. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, १, २, ३ आणि ६ नंबरच्या पिनांवरच्या, गिगाबिटला आठही. एखादी तार क्रिंपिंगमध्ये नीट बसली नसेल तर नेट बंद पडत नाही, निमूटपणे दहापटीने मंदावतं. म्हणूनच हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. दोन्ही टोकं नव्याने क्रिंप करून टेस्टरवर आठही दिवे पाहा.

वर्कशॉपमध्ये केबल वेल्डिंग मशीन किंवा व्हीएफडीच्या (मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या) वायरींबरोबर एकाच पाइपातून नेली असेल तर ती वेगळी करा, फूटभर तरी अंतर ठेवा. शेडपासून ऑफिस १०० मीटरपेक्षा लांब असेल तर तिथे फायबरच हवा. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा कुठेही नवी कॅट-६ घ्याल तेव्हा बॉक्सवरच्या नावावर विसंबू नका. एक तार सोलून ब्लेडने खरवडा. आतपर्यंत लालसर असेल तर तांबं. वरचा मुलामा निघून पांढरं दिसलं तर आत ॲल्युमिनियम आहे. ती तार वाकवली की तुटते आणि सांध्यात लवकर खराब होते. असं बंडल दुकानातूनच परत करा.