'जवळचा परदेश' म्हणावे की 'शेजारी राष्ट्रे'?

विचारणा अशी आहे: रशिया आणि पाश्चात्त्य देशांच्या संबंधांवरच्या एका लेखाचा मराठी अनुवाद एक वाचक करत आहेत. मूळ लेखात 'निअर अब्रॉड' हा इंग्रजी शब्दप्रयोग (रशियाच्या तोंडी त्याचा अर्थ माजी सोव्हिएत प्रजासत्ताके) पानोपानी येतो. मराठीत त्यांना त्यासाठी 'शेजारी राष्ट्रे', 'निकटचा परदेश' आणि 'रशियाचे परसदार' अशी तीन रूपे वाचायला मिळाली. यांतले कोणते घ्यावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

माझे उत्तर यांपैकी दुसऱ्या रूपाच्या जवळ जाते, पण 'निकटचा' ऐवजी मी 'जवळचा' घेईन. 'जवळचा परदेश' असे अवतरणचिन्हांत लिहावे, आणि तेही रशियाचे म्हणणे सांगताना. लेखक स्वतः बोलत असेल तिथे हा शब्द मुळीच नको. असे का, ते सांगायचे तर आधी मूळ रशियन शब्द उलगडायला हवा, कारण इंग्रजी 'निअर अब्रॉड' हेच एक शब्दशः भाषांतर आहे.

मूळ शब्द 'ब्लिझ्नेए झारुबेझ्ये'. १९९१च्या डिसेंबरात सोव्हिएत संघ मोडला. ८ डिसेंबरला रशिया, युक्रेन आणि बेलारूसच्या नेत्यांनी करार केला, २५ला गोर्बाचेव्ह पायउतार झाले आणि रशिया सोडून उरलेली १४ प्रजासत्ताके परके देश झाली. त्यांना म्हणायचे काय? 'परदेश' म्हणावे तर जीभ वळेना, कारण ताश्कंदला बहीण राहते, ओडेसाला आजोळ आहे, रीगात नोकरी केलेली आहे. अशा वेळी १९९२च्या सुमारास हा शब्द मॉस्कोत रुळला. आंद्रेई कोझिरेव्ह तेव्हा परराष्ट्रमंत्री होते आणि बाहेरच्या जगाला हा शब्द त्यांच्याच काळात माहीत झाला.

'झा' म्हणजे पलीकडे, आणि 'रुबेझ' म्हणजे हद्द. हा 'रुबेझ' 'रुबीत्' या धातूशी नाते सांगतो. 'रुबीत्' म्हणजे तोडणे, घाव घालणे. कुऱ्हाडीने खूण करून आखलेली हद्द ती रुबेझ. चांदीच्या कांबीचा तोडलेला तुकडा तो रुबल, असेही मानतात, म्हणजे हद्द आणि नाणे एकाच घावातून निघाली. मराठीत या चित्राच्या सगळ्यात जवळ येणारा शब्द 'शीव' आहे. सीमेची शीव झाली, आणि मुंबई बेटाची जिथे हद्द संपत होती त्या जागेचे नावच शीव पडले. 'शिवेपलीकडचा मुलूख' असे भाषांतर करण्याचा मोह मला बरीच वर्षे होता. पण मराठी माणसाला शिवेपलीकडे दिसते ते शेजारचे गाव. परका देश त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून मन घट्ट करून तो शब्द सोडला.

परदेशासाठी रशियनमध्ये शब्दांची चणचण नाही. 'झाग्रानीत्सा' आहे, तोही हद्दीपलीकडचाच, पण त्याला विलायती वस्तूंचा आणि पारपत्राचा वास आहे. 'इनस्त्रान्नी' म्हणजे 'दुसऱ्या देशाचा'. त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या नावात हा शब्द बसला आहे. या दोहोंना बाजूला ठेवून 'झारुबेझ्ये' निवडला गेला, आणि माझ्या मते तो कानाला बरोबर वाटला म्हणूनच निवडला गेला. ते नपुंसकलिंगी समूहवाचक एकवचन आहे. त्यात देश मोजता येत नाहीत, 'पलीकडचा सगळा भाग' एवढेच कळते. क्रांतीनंतर देशाबाहेर गेलेल्या रशियनांच्या जगालाही 'रुस्स्कोए झारुबेझ्ये' म्हणतात, म्हणजे बाहेर असूनही आपलेच. १४ राज्ये, १४ झेंडे, १४ संसदा एका एकवचनी शब्दात मावल्या. भाषांतरात हे एकवचन जपले पाहिजे, आणि 'परदेश' ते जपतो. 'मुलगा परदेशात आहे' या वाक्यात आपणही देश मोजत नाही. 'परराष्ट्रे' म्हटले की मोजणी सुरू होते आणि मूळ शब्दाचा स्वभाव बिघडतो.

आता 'शेजारी राष्ट्रे' का नको ते नकाशा घेऊन पाहा. जमिनीवरून रशियाला भिडणारे देश १४ आहेत. सोव्हिएत संघातून रशियाखेरीज निघालेले देशही १४च. संख्या जुळते म्हणून फसू नये, कारण दोन्ही याद्यांत असलेले देश फक्त ८ आहेत: एस्टोनिया, लाटव्हिया, लिथुआनिया, बेलारूस, युक्रेन, जॉर्जिया, अझरबैजान आणि कझाकस्तान. चीन, मंगोलिया, उत्तर कोरिया, नॉर्वे, फिनलंड आणि पोलंड हे शेजारी आहेत, पण त्यांना कोणी 'जवळचा परदेश' म्हणत नाही. उलट मोल्दोव्हा, आर्मेनिया, तुर्कमेनिस्तान, उझबेकिस्तान, किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान यांची रशियाशी इंचभरही हद्द लागत नाही, तरी ते 'जवळचे'. फिनलंडची हद्द सेंट पीटर्सबर्गपासून २०० किलोमीटरच्या आत, आणि तो 'दूरचा परदेश'! ताश्कंद मॉस्कोपासून सुमारे २,८०० किलोमीटर, आणि ते जवळ. 'दाल्नेए झारुबेझ्ये', म्हणजे 'दूरचा परदेश', ही जोडीदार संज्ञा रोजच्या कामकाजातली आहे. गॅझप्रॉम या रशियन सरकारी वायुकंपनीच्या निर्यातीच्या आकड्यांतही हाच शब्द वापरतात. म्हणजे हे अंतर किलोमीटरचे नव्हेच, इतिहासाचे आहे.

आणि म्हणूनच 'निकटचा' नको, 'जवळचा' हवा. मी रशियन शिकत होतो तेव्हा आमच्या बाईंनी 'ब्लिझ्नी' हा शब्द नकाशावरून शिकवला नाही, बायबलमधून शिकवला. 'आपल्या शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती कर' या आज्ञेतला शेजारी रशियनमध्ये 'ब्लिझ्नी' आहे. अंतराने जवळचा आणि नात्याने जवळचा, दोन्ही अर्थ त्या एका विशेषणात आहेत. मराठी 'जवळचा'चेही तसेच आहे. 'जवळचे दुकान' आणि 'जवळचा माणूस' यांत तोच शब्द दोन कामे करतो. 'निकट' हे काम अर्धेच करतो, आणि बोलण्यात कोणी 'निकटचा' म्हणतही नाही. (बायबलच्या आधाराने कोणी 'शेजारी'ची बाजू घेईल. ती बाजू मला मोलाची वाटते, पण पुढे 'राष्ट्रे' आले की भूगोल डोके वर काढतो आणि वरचा घोळ होतो.) शिवाय मराठीत 'जवळचा'च्या उलट 'परका'. 'जवळचा परदेश' म्हणताच 'जवळचा' आणि 'पर' एकमेकांना ओढू लागतात. रशियन शब्दातही नेमकी हीच ओढ आहे. देश वेगळा झाला हे कबूल, पण परका झाला हे कबूल नाही.

ही ओढ केवळ भावनेची राहिली असती तर शब्दचर्चा इथे संपली असती. पण या शब्दावर धोरण उभे राहिले. १९८९च्या जनगणनेप्रमाणे सुमारे अडीच कोटी वांशिक रशियन लोक इतर प्रजासत्ताकांत राहत होते. त्यांच्यासाठी 'सोअतेचेस्त्वेन्निक' हा शब्द आला. त्यात 'अत्येत्स' म्हणजे बाप आहे, त्यावरून पितृभूमी, आणि तिच्यात वाटेकरी असलेला तो. आपला 'देशबांधव' त्याला चांगला बसतो. पुतिन यांनी २००५च्या एप्रिलमधल्या वार्षिक भाषणात सोव्हिएत संघाच्या विघटनाला शतकातली भूराजकीय आपत्ती म्हटले. ते वाक्य सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्याला लागूनच त्यांनी म्हटले होते की कोट्यवधी सहनागरिक आणि देशबांधव रशियाच्या भूमीबाहेर राहिले. 'जवळचा परदेश' समजून घ्यायचा तर हे दुसरे वाक्य अधिक उपयोगाचे.

आणखी मागे जाऊ. १४ डिसेंबर १९९२ला स्टॉकहोममध्ये युरोपीय सुरक्षा परिषदेत कोझिरेव्ह बोलायला उठले. पाश्चात्त्यांना ते आपले वाटत. त्या दिवशी मात्र ते म्हणाले की माजी सोव्हिएत प्रदेशात परिषदेचे नियम पूर्णपणे लागू होऊ शकत नाहीत. तो साम्राज्योत्तर प्रदेश आहे, आणि तिथे रशिया आपले हित सर्व मार्गांनी, लष्करी मार्गानेही, राखील. सभागृह हादरले. थोड्याच वेळाने ते पुन्हा उठले आणि म्हणाले, हे माझे मत नव्हे, विरोधक सत्तेवर आले तर काय ऐकावे लागेल ते ऐकवले. हा प्रसंग मला 'जवळच्या परदेशा'च्या चरित्रातला सगळ्यात अस्वस्थ करणारा वाटतो, कारण त्या दिवशी मागे घेतलेली वाक्ये पुढे गांभीर्याने बोलली गेली. नाटोने एप्रिल २००८मध्ये बुखारेस्टला युक्रेन आणि जॉर्जिया कधी तरी सदस्य होतील असे जाहीर केले. ऑगस्टमध्ये जॉर्जियात युद्ध झाले. ते थांबल्यावर, ३१ ऑगस्टला, तेव्हाचे रशियन राष्ट्राध्यक्ष मेद्वेदेव्ह यांनी रशियाचे 'विशेषाधिकाराचे हितसंबंध' असलेले प्रदेश आहेत असे सांगितले. त्यानंतर २०१४मध्ये क्रिमियाचे आणि २०२२मध्ये युक्रेनचे काय झाले ते सगळ्यांना माहीत आहे.

३१ मार्च २०२३च्या रशियन परराष्ट्र धोरणाच्या दस्तऐवजात तर 'ब्लिझ्नेए झारुबेझ्ये' हे एका विभागाच्या मथळ्यातच आहे. प्रदेशवार विवेचनात पहिला मान त्याचा. तिथल्या देशांशी शतकानुशतकांच्या सामाईक राज्यपरंपरेचे आणि जवळच्या संस्कृतींचे नाते सांगितले आहे. युरोप, आणि 'अमेरिका व इतर अँग्लो-सॅक्सन देश', यांचा क्रम आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेच्याही नंतर लागतो. पत्रकारांच्या बोलण्यातला शब्द इथे सरकारी संज्ञा झाला आहे, तेव्हा अनुवादात तो टाळून चालणार नाही.

पण टाळायचा नाही म्हणजे आपलासा करायचा, असे नाही. 'जवळचा' म्हटले की कोणाच्या जवळचा, हे आलेच, आणि तो 'कोण' मॉस्कोत उभा आहे. एस्टोनियाच्या माणसाला आपला देश कोणाचा 'जवळचा परदेश' आहे असे वाटत नाही. २००४मध्ये तो देश नाटोत आणि युरोपीय संघात गेला, तो याच वर्णनातून बाहेर पडण्यासाठी. युक्रेनने तर रशियन भाषेतल्या एका शब्दयोगी अव्ययासाठी भांडण मांडले. रशियनमध्ये प्रदेशासाठी 'ना' आणि हद्द असलेल्या राज्यासाठी 'व' लावण्याकडे कल आहे. रूढ प्रयोग 'ना उक्रायिने' असा, आणि कीव्हने १९९३मध्ये 'व उक्रायिने' म्हणा असा आग्रह धरला. मराठी 'युक्रेनमध्ये' या वादातून सुटली आहे, हे आपले भाग्य.

दुसऱ्या बाबतीत मात्र आपण सुटलेलो नाही. सोव्हिएत संघाला आपण सरसकट 'रशिया' म्हणत आलो. युक्रेनमधल्या खारकीव्हला वैद्यकीय शिक्षण घेऊन आलेला मुलगा 'रशियातून डॉक्टर होऊन आला' असे सांगितलेले मी ऐकले आहे. २०२२च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रातली मुले तिथून परत येऊ लागली, तेव्हा कुठे ते दोन देश आपल्या बोलण्यात वेगळे झाले. म्हणजे मॉस्कोची नजर आपल्या भाषेत आधीच मुक्कामाला होती, आणि म्हणून अवतरणचिन्हांचा आग्रह मराठीत जास्तच हवा.

'परसदार' या रूपाला माझा साफ विरोध आहे. ते इंग्रजी राजकीय लेखनातून उचललेले आहे, आणि मराठीत परस घराच्या मालकीचे असते. रशियन शब्दानेही जेवढा हक्क सांगितलेला नाही तेवढा आपण अनुवादात देऊन बसतो.

प्रत्यक्ष वाक्यांत असे करा. मूळ लेखक रशियन दस्तऐवज किंवा नेता उद्धृत करत असेल तर 'रशिया ज्याला "जवळचा परदेश" म्हणतो तिथे…' असे लिहा. लेखक आपल्या तोंडाने सर्व १४ देशांबद्दल बोलत असेल तर 'माजी सोव्हिएत प्रजासत्ताके' पुरे. आणि बहुतेक ठिकाणी त्याच्या मनात दोन-तीनच देश असतात. मागचापुढचा परिच्छेद वाचून ते ओळखा आणि सरळ नावे लिहा: मोल्दोव्हा, जॉर्जिया, युक्रेन.