चमकणाऱ्या खाडीत जाण्यासाठी रात्र कोणती निवडावी?

प्रश्न : येत्या हिवाळ्यात आम्ही पती-पत्नी पोर्तो रिकोला जाणार असून तेथील चमकणाऱ्या पाण्यात वाटाड्यासोबत रात्री कयाक (वल्ह्याने चालवायची चिंचोळी होडी) चालवण्याची आमची इच्छा आहे. छायाचित्रांत दिसते तसे निळे पाणी प्रत्यक्षातही दिसते का? कोणती रात्र निवडावी? मला पोहता येत नाही, तरी जावे का? आणि पाण्यात हात घातलेला चालतो का?

उत्तर : आपल्या प्रश्नांपैकी रात्रीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून विमानाचे तिकीट काढण्याआधी चंद्र कधी उगवतो आणि कधी मावळतो, ते पाहावे. हा उजेड इतका सौम्य असतो की चांदण्यात तो जवळजवळ हरवून जातो. अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तमच. परंतु ते जमत नसतील, तर पौर्णिमा उलटून चार-पाच दिवस झाल्यावर जावे. पौर्णिमेनंतर चंद्र रोज सरासरी ५० मिनिटे उशिरा उगवतो, त्यामुळे तेव्हा संध्याकाळनंतरचे काही तास पूर्ण अंधाराचे मिळतात. शुक्लपक्षात याच्या उलट होते : चंद्र आधीच आकाशात असतो आणि तो मावळण्याची वाट पाहावी लागते.

हा उजेड पाण्याचा नसून पाण्यातील जिवांचा आहे. पोर्तो रिकोच्या खाड्यांत तो प्रामुख्याने पायरोडिनियम बहामेन्स या एकपेशीय सूक्ष्मजीवाचा असतो. वल्ह्याने किंवा माशाच्या हालचालीने पाणी ढवळले की पेशीवर ताण येतो, तिच्यातील सूक्ष्म कणांमध्ये आम्लता वाढते आणि ल्युसिफेरिन या द्रव्याची प्राणवायूशी अभिक्रिया होऊन सेकंदाच्या सुमारे दहाव्या भागापुरती निळी ठिणगी उमटते. आपल्याला खाणाऱ्या जिवाला दचकवण्यासाठी, किंवा त्या जिवाच्या शत्रूला त्याचा ठावठिकाणा दाखवण्यासाठी ही ठिणगी उपयोगी पडत असावी, असे अभ्यासक मानतात. या पेशींना दिवस-रात्रीचे स्वतःचे घड्याळ असते. दिवसा त्या फारशा चमकत नाहीत आणि रात्र चढली की त्यांचा प्रतिसाद वाढतो. म्हणूनच, सूर्यास्तानंतर लगेच निघणारी फेरी आणि तिच्या नंतरची फेरी यांत निवड करायची असेल आणि चंद्राची अडचण नसेल, तर मी नंतरची निवडेन.

छायाचित्रांबाबत मात्र अपेक्षा थोड्या बदलाव्या लागतील. कॅमेऱ्याची झडप कित्येक सेकंद उघडी ठेवून गोळा केलेला प्रकाश त्यांत असतो. डोळ्याला संपूर्ण खाडी निळी दिसत नाही. जेथे पाणी हलते तेथेच उजेड दिसतो, म्हणजे वल्ह्याभोवती भोवरा, कयाकच्या टोकाशी रेघ, आणि खालून मासा पळाला तर त्याची नागमोडी वाट. शिवाय मंद प्रकाशात डोळ्याच्या रंग ओळखणाऱ्या पेशी नीट काम करत नाहीत, त्यामुळे तो काहींना निळसर, तर काहींना नुसता पांढुरका भासतो. डोळे अंधाराला पुरते सरावायला २० ते ३० मिनिटे लागतात आणि मोबाइलच्या पडद्याकडे एकदा पाहिले तरी ही तयारी बरीचशी वाया जाते. मोबाइल किनाऱ्यावरच ठेवावा, असे मी मनापासून सुचवतो. पाण्यावर असताना वल्हे सतत मारू नये. पुन्हा पुन्हा डिवचलेल्या पेशी फिक्या पडतात, तेव्हा थोडा वेळ नुसते तरंगत राहावे आणि मग एकच संथ फटका मारावा.

पोहता येत नसले तरी जाण्यास हरकत नाही. घट्ट बांधलेले लाइफ जॅकेट आणि दोघांची कयाक घ्यावी, आणि पोहता येत नसल्याचे वाटाड्याला निघण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. व्हिएकेस बेटावरील मॉस्किटो बे ही चहूबाजूंनी जवळजवळ बंदिस्त खाडी आहे. फाहार्दो गावाजवळच्या लागुना ग्रांदे या खाडीत मात्र खारफुटीतल्या अरुंद वाटेने अंधारात वल्हवत जावे लागते आणि तेथे समोरून येणाऱ्या कयाकना धक्के लागतात. नवख्या माणसाला पहिली जागा सोपी जाईल. इतरत्र कोठे अशी सफर केलीत, तर भरती-ओहोटीची वेळ जरूर विचारावी, कारण पौर्णिमेप्रमाणे अमावास्येलाही उधाण येते आणि अंधाराची उत्तम रात्र ही कित्येक किनाऱ्यांवर जोराच्या प्रवाहाचीही रात्र असते.

या दोन्ही ठिकाणी पोहण्यास बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अंगावरचे सनस्क्रीन व डास पळवणारे मलम या जिवांना घातक ठरतात. खाडीचे तोंड अरुंद असल्यामुळे हे जीव आत टिकून राहतात, पण त्याच कारणाने पाण्यात उतरलेली रसायनेही लवकर बाहेर जात नाहीत. सप्टेंबर २०१७ मधील मारिया चक्रीवादळानंतर मॉस्किटो बे काही महिने अंधारात गेली होती आणि मग हळूहळू पुन्हा उजळली, इतका हा समतोल नाजूक आहे. डासांसाठी मलमाऐवजी पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. हात स्वच्छ धुतलेले असतील आणि वाटाड्याची परवानगी असेल, तर बोटे एकदा पाण्यात बुडवून पाहावीत; ओंजळ वर उचलली की थेंबांबरोबर ठिणग्या मनगटावरून ओघळताना दिसतील.