समुपदेशक बोलावतात तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा सातवीत, सेमी इंग्रजीला आहे. गोष्ट ऐकली की शब्दन् शब्द सांगतो, पण लिहायला बसला की ‘ध’चा ‘घ’ होतो, वेलांट्या चुकतात, फळ्यावरचं अर्धंच उतरवून होतं. शाळेतल्या समुपदेशक मॅडमनी मला बोलावून ‘तपासणी करून घ्या’ असं सुचवलं. सासूबाई म्हणतात, पोराला उगाच वेडं ठरवू नका. मिस्टरांची अंबडला कंपनीत शिफ्ट असते, त्यामुळे धावपळ मलाच करायची आहे. तपासणी केली तर शिक्का बसेल का? आणि या मॅडम पुढे नेमकं करणार काय?
– एक आई, सिडको, नाशिक

उत्तर : ताई, मॅडमनी तुम्हाला सातवीतच बोलावलं, हे फार बरं झालं. माझ्याकडे बरेच पालक दहावीच्या दिवाळीनंतर येतात आणि तोवर मुलानं स्वतःला ‘ढ’ ठरवून टाकलेलं असतं. मला काळजी त्या ठरवून टाकण्याची वाटते, शुद्धलेखनाची तेवढी नाही.

सासूबाईंना एक सांगा. अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचायला-लिहायला शिकणं जड जाण्याचा, बुद्धी कमी असण्याशी संबंध नाही. ऐकून सगळं लक्षात राहतं आणि कागदावर मात्र उतरत नाही, ही तफावत दिसली म्हणूनच मॅडमना तिची शंका आली असणार. पण ती अजून शंकाच आहे. निदान समुपदेशक करत नाहीत. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये हे होतं. मग क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडून चाचण्या. वाचन-लेखन नव्यानं शिकवण्याचं काम विशेष शिक्षकाचं. या दोघांचीही भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असावी लागते. नोंदणी क्रमांक विचारायला संकोच करू नका, ‘रेमेडियल’च्या, म्हणजे अशा खास शिकवणीच्या, पाट्या हल्ली कुठेही दिसतात.

मग मॅडमचं काम काय? माझ्या मते सगळ्यात मोठं काम वर्गात असतं. आमच्या शाळेत सहावीतली एक मुलगी मधल्या सुट्टीत डबा न खाता फळा उतरवत बसायची. तिच्याशी मी बोललेच, पण खरा फरक पडला तो शिक्षकांबरोबर बसल्यावर. फळ्यावरचा मजकूर तिला छापून मिळू लागला, इतिहासाची चाचणी तोंडी झाली, विज्ञानात शुद्धलेखनाचे गुण कापणं थांबलं आणि सगळ्यांसमोर उभं करून मोठ्यानं वाचायला लावणं बंद झालं. ती डबा खाऊ लागली. तेव्हा मॅडमना भेटाल तेव्हा हेच विचारा : सोमवारपासून वर्गात काय बदलेल, ते बदल कोणते शिक्षक करतील, आणि महिन्याभरानं आपण पुन्हा कधी बसायचं? ठरलेलं कागदावर घ्या. अहवाल कोण कोण वाचणार, हेही तिथेच ठरवा. स्टाफरूममध्ये त्याची चर्चा होता कामा नये.

शिक्क्याबद्दल. १९९५च्या अपंग कायद्यात अध्ययन अक्षमता नव्हती. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ती आहे, आणि अशी मुलं लवकर ओळखून शिकवण्यात योग्य ते बदल करणं हे त्या कायद्यानं शाळेचंच कर्तव्य ठरवलं आहे. त्यामुळे तुम्ही शाळेकडे उपकार मागत नाही आहात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी अर्ज युडीआयडीच्या, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राच्या सरकारी पोर्टलवर करायचा, मग सरकारी वैद्यकीय मंडळ तपासतं. दाखला असला की बोर्डाच्या परीक्षेत तासाला २० मिनिटं जादा वेळ आणि गरजेप्रमाणे लेखनिक अशा सवलती मिळतात. प्रस्ताव शाळेनं नाशिक विभागीय मंडळाकडे पाठवायचा असतो. नववीतच कागद जुळवायला घ्या.

आणि मुलाला खरं सांगा. कुठे नेतायत, कशासाठी, हे त्याला कळायला हवं. लपवलं तर तो मनात याहून वाईट काहीतरी धरून बसेल.

प्रश्न : मी दिंडोरी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. चौथीतली एक मुलगी श्रवणयंत्र लावते, तरी वर्गात गप्प असते. आमच्याकडे समुपदेशक नाहीत. मी काय करू?

उत्तर : बाई, समग्र शिक्षा अभियानातल्या समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांना गटसाधन केंद्रातून बोलावून घ्या. यंत्राची बॅटरी रोज सकाळी तपासायला तिच्या आईला शिकवा. गप्प बसण्याचं कारण पुष्कळदा इतकंच निघतं. फळ्याकडे तोंड करून बोलू नका, कारण तुमचे ओठ दिसले की तिला समजायला सोपं जातं. तिला पुढे बसवा, पण खडखडणाऱ्या पंख्याखाली नको, यंत्र तो आवाजही वाढवतं. दुसऱ्या मुलानं उत्तर दिलं की ते तिच्याकडे बघून पुन्हा एकदा म्हणा. आणि ‘कळलं का?’ असं विचारू नका, मुलं मान डोलावतात. काय कळलं ते तिला सांगू द्या.